दारा शुकोह : एका वाचकाचे चरित्र

शाहजहानचा ज्येष्ठ पुत्र दारा शुकोह याचे नाव आपल्या इतिहासग्रंथांत बहुधा एका पराभवाच्या संदर्भात येते. सामूगढची लढाई तो हरला, औरंगजेब जिंकला आणि मोगल साम्राज्याचे पुढील अर्धशतक निश्चित झाले. एवढे सांगून इतिहासकार पुढे जातो. रणनीतीच्या दृष्टीने पाहिले तर दाराविषयी याहून अधिक सांगण्यासारखे फारसे नाहीही. परंतु माणसाचे चरित्र त्याच्या लढायांतूनच वाचले पाहिजे असे नाही. काही माणसांचे खरे आयुष्य त्यांनी वाचलेल्या ग्रंथांत घडलेले असते. दारा हा अशांपैकी एक होता. स्वतःच्या धर्मग्रंथावर निष्ठा ठेवून परधर्माचे ग्रंथ वाचणे शक्य आहे काय, आणि असे वाचन वाचणाऱ्याकडून कोणती किंमत मागते, या दोन प्रश्नांची उत्तरे त्याच्या चरित्रात सापडतात. म्हणून येथे त्याच्याकडे राजपुत्र म्हणून पाहण्यापेक्षा वाचक म्हणून पाहण्याचा विचार आहे.

दाराचा जन्म १६१५ च्या मार्चमध्ये अजमेरजवळ झाला. त्याचा पिता तेव्हा राजपुत्र खुर्रम होता आणि त्याला तोवर मुलीच झाल्या होत्या. पुत्रप्राप्तीसाठी पित्याने ख्वाजा मुईनुद्दीन चिश्ती यांच्या दर्ग्यात प्रार्थना केली होती, ही गोष्ट दाराने पुढे स्वतःच नमूद करून ठेवली. संतांच्या कृपेने आपण जन्मलो ही भावना त्याच्या मनात लहानपणापासून रुजली होती. बालपण मात्र निर्वेध नव्हते. खुर्रमने जहांगीरविरुद्ध बंड केले आणि ते फसल्यावर १६२६ मध्ये दारा आणि औरंगजेब या दोन्ही मुलांना आजोबांच्या दरबारी ओलीस म्हणून पाठवावे लागले. सिंहासनापायी बापलेकांत आणि भावाभावांत काय घडू शकते, हे दोघांनीही लहान वयात आणि एकाच छपराखाली पाहिले. त्यातून दोघांनी घेतलेला धडा मात्र सारखा नव्हता.

१६२८ मध्ये शाहजहान गादीवर आला आणि दाराचे शिक्षण राजपुत्राला साजेसे सुरू झाले. अरबी, फारसी, कुराण, काव्य आणि इतिहास हे विषय तो शिकला. अब्दुर्रशीद दैलमी या नामांकित सुलेखनकाराकडून त्याने नस्तालीक लिपीचे धडे घेतले आणि त्या कलेत चांगले प्रावीण्य मिळविले. १६३३ मध्ये चुलते परवेझ यांची कन्या नादिरा बानू हिच्याशी त्याचा विवाह झाला. पुढे काही वर्षांनी त्याने तिला चित्रांचा आणि सुलेखनाच्या नमुन्यांचा एक संग्रह भेट दिला. तो आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. मोगल शाहजाद्याने पत्नीला द्यावयाच्या वस्तूंत रत्ने असतातच. या शाहजाद्याला पुस्तक द्यावेसे वाटले.

विवाहानंतर थोड्याच काळात दारा दीर्घ आजाराने अंथरुणास खिळला. हकिमांचे उपाय थकले तेव्हा शाहजहान त्याला लाहोरच्या मियाँ मीर या वृद्ध कादिरी संताकडे घेऊन गेला. मियाँ मीर यांनी हातातील पात्रातील पाणी त्याला पाजले आणि आठवड्याच्या आत त्याला बरे वाटू लागले, असे दारा सांगतो. वैद्यकाच्या दृष्टीने या घटनेचा अर्थ काहीही लावता येईल. दाराच्या जीवनात तिचा अर्थ एकच होता. १६३५ मध्ये मियाँ मीर निवर्तले. १६४० मध्ये काश्मीरात त्यांचे शिष्य मुल्ला शाह बदख्शी यांचा अनुग्रह दाराने घेतला. त्याची वडील बहीण जहाँआरा हिनेही याच गुरूंचे शिष्यत्व पत्करले आणि त्यांच्याविषयी एक छोटी पुस्तिका लिहिली. शाही घराण्यातील ही भावंडे एकाच ग्रंथसंग्रहात आणि एकाच साधनेत रमलेली होती, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

दाराच्या ग्रंथलेखनाचा प्रारंभही याच काळातला. १६४० मध्ये पूर्ण झालेल्या ‘सफीनतुल औलिया’ या पहिल्या ग्रंथात त्याने चारशेहून अधिक मुसलमान संतांची संक्षिप्त चरित्रे दिली. त्यानंतर १६४२ चा ‘सकीनतुल औलिया’ हा मियाँ मीर आणि त्यांचा शिष्यपरिवार यांच्यावरील ग्रंथ आला. १६४६ च्या ‘रिसाला-इ-हकनुमा’मध्ये त्याने साधकाच्या पायऱ्या सांगितल्या. हे सारे लेखन सूफी परंपरेच्या चौकटीतले आहे. परधर्माकडे वळण्यापूर्वी त्याने स्वतःच्या धर्मातील संतवाङ्मय जवळजवळ पंधरा वर्षे कसून वाचले होते. तो इतर ग्रंथांकडे गेला तो स्वतःच्या ग्रंथाचा कंटाळा आला म्हणून नव्हे, हे येथे स्पष्ट दिसते.

मग तो का गेला? याचे उत्तर त्याच्या सूफी वाचनातच आहे. ईश्वर एक आहे आणि त्याच्यावाचून अन्य काहीच नाही, या तौहीदच्या सिद्धांताचा उलगडा त्याला हवा होता. कुराणातील अनेक वचने संकेताने बोलतात. त्यांचा भेद जाणणारे थोडे. ईश्वराने प्रत्येक लोकसमूहाकडे आपला संदेश पाठविला आहे, हेही कुराणच सांगते. तेव्हा जे एका ग्रंथात संक्षेपाने आले ते दुसऱ्या ग्रंथात विस्ताराने आले असेल, असा तर्क त्याने केला. या तर्काच्या आधारे त्याने तौरात, जबूर आणि इंजील वाचले. तेथेही त्याला विवेचन त्रोटक आणि सांकेतिकच वाटले. त्यानंतर त्याची दृष्टी हिंदुस्थानातील ब्रह्मविद्येकडे वळली.

परक्या धर्माचे ग्रंथ वाचणारा तो काही पहिला मुसलमान विद्वान नव्हता. अकराव्या शतकात अल्बेरूनीने संस्कृत शिकून पातंजल योगाचे अरबीत भाषांतर केले होते. अकबराने महाभारताचे फारसी भाषांतर करविले; योगवासिष्ठाचे एक भाषांतर जहांगीरसाठी, तो राजपुत्र असताना, झाले होते. पण अल्बेरूनीच्या वाचनामागे शास्त्रज्ञाची जिज्ञासा होती आणि अकबराच्या उपक्रमामागे राज्यकर्त्याचे धोरणही होते. दाराच्या वाचनामागे मुमुक्षूची तहान होती. इतरांचा धर्म काय आहे हे समजून घेण्यासाठी तो वाचत नव्हता. सत्य काय आहे हे समजून घेण्यासाठी वाचत होता. या एका फरकामुळे त्याच्या वाचनाला धार आली आणि त्याच फरकामुळे ते धोक्याचेही ठरले.

या मार्गावरील एक महत्त्वाचे वळण एका अपयशानंतर आले. १६४९ मध्ये इराणने कंदाहार घेतले होते आणि औरंगजेबाच्या दोन मोहिमा तेथे निष्फळ ठरल्या होत्या. १६५३ मध्ये दारा स्वतः मोठे सैन्य घेऊन गेला. या मोहिमेत त्याने मांत्रिकांवरही भरवसा ठेवला होता, असे समकालीन वृत्तांतात नमूद आहे. किल्ला पडला नाही. परतताना लाहोर मुक्कामी त्याची बाबा लाल या वैरागी साधूशी गाठ पडली. दोघांत अनेक बैठका झाल्या आणि त्यांतील प्रश्नोत्तरे फारसीत लिहून ठेवण्यात आली. त्या कामाशी चंद्रभान ब्राह्मण या मोगल दरबारच्या फारसी लेखकाचे नाव निगडित आहे. मूर्तिपूजेचा अर्थ काय, काशीत मरणाऱ्याला मुक्ती मिळते ती कशी, नाद आणि वेद यांत भेद कोणता, असे साधे आणि थेट प्रश्न दाराने विचारले. वादात प्रतिपक्षाला जिंकण्यासाठी विचारावेत तसे हे प्रश्न नाहीत. पराभूत सेनापती शिष्याच्या जागी बसून विचारतो आहे, असेच ते वाचताना जाणवते.

१६५५ मध्ये ‘मज्मउल बहरैन’ हा त्याचा ग्रंथ पूर्ण झाला. नावाचा अर्थ दोन समुद्रांचा संगम. हा शब्दप्रयोग मूळ कुराणातला आहे. या छोट्या ग्रंथात बावीस प्रकरणे आहेत आणि प्रत्येक प्रकरणात सूफी परिभाषेसमोर भारतीय परिभाषा ठेवलेली आहे. नासूत, मलकूत, जबरूत आणि लाहूत या चार लोकांशेजारी जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि तुर्या या चार अवस्था येतात. जिब्राईल, मीकाईल आणि इस्राफील या देवदूतांचे साम्य त्याला ब्रह्मा, विष्णू आणि महेश यांच्यात दिसते. इश्क या सूफी संकल्पनेला तो माया हा प्रतिशब्द देतो. यांतील काही समीकरणे आजच्या अभ्यासकाला ओढूनताणून जुळविलेली वाटतील, आणि काही तशी आहेतही. शांकर वेदान्तातील माया आणि सूफींचे प्रेम यांतले अंतर मोठे आहे. परंतु या ग्रंथाचे मोल समीकरणांच्या अचूकतेत नाही. दोन परंपरांना एकाच पानावर, समान उंचीवर बसविण्याचे जे धाडस त्यात आहे, त्यात ते आहे. ‘समुद्रसंगम’ या नावाने तो ग्रंथ संस्कृतातही उतरला, म्हणजे ज्यांच्या विद्येविषयी लिहिले त्यांनाही तो वाचता यावा अशी सोय झाली.

या सुमारास काशीचे पंडित मोगल दरबारी ये-जा करीत होते. त्यांतील एका व्यक्तीचा उल्लेख मराठी वाचकासाठी अगत्याचा आहे. कवींद्राचार्य सरस्वती हे मूळचे गोदावरीतीरीचे ऋग्वेदी ब्राह्मण. संन्यास घेऊन ते काशीस स्थायिक झाले. काशी आणि प्रयाग येथील यात्रेकरूंवरचा कर रद्द व्हावा म्हणून ते शाहजहानच्या दरबारी गेले आणि त्यांच्या रदबदलीने तो कर उठला. त्याबद्दल देशभरच्या पंडितांनी त्यांच्यावर रचलेली स्तुतिपद्ये ‘कवींद्रचंद्रोदय’ या संग्रहात जपली गेली आहेत. शाहजहानने त्यांना सर्वविद्यानिधान ही पदवी आणि दोन हजार रुपयांची नेमणूक दिली. त्यांचा ग्रंथसंग्रह प्रचंड होता. १९२१ मध्ये बडोद्याहून प्रसिद्ध झालेल्या त्याच्या सूचीत दोन हजारांहून अधिक नावे आहेत. दाराचा आणि त्यांचा परिचय होता. दाराच्या भाषांतरकार्यात त्यांचा हात असावा असा तर्कही अभ्यासकांनी केला आहे.

१६५६ मध्ये दाराने योगवासिष्ठाचे नवे फारसी भाषांतर करविले. पूर्वीच्या भाषांतराने त्याचे समाधान झाले नव्हते. या भाषांतराच्या प्रास्ताविकात एक स्वप्न सांगितले आहे. वसिष्ठ आणि रामचंद्र दाराच्या स्वप्नात आले. वसिष्ठांच्या सांगण्यावरून रामचंद्रांनी त्याला आलिंगन दिले आणि मिठाई भरविली. एखाद्या ग्रंथात वाचक किती खोल बुडाला आहे हे जाणण्यासाठी त्याच्या टिप्पण्यांपेक्षा त्याची स्वप्ने अधिक विश्वसनीय असतात.

यानंतरचे काम हे दाराच्या आयुष्याचे शिखर होय. दिल्लीत यमुनेकाठी निगमबोध घाटाजवळ त्याचा वाडा होता. तेथे त्याने काशीहून पंडित आणि संन्यासी बोलाविले आणि सहा महिने त्यांच्या सहवासात बसून सुमारे पन्नास उपनिषदांचे फारसी भाषांतर सिद्ध केले. १६५७ च्या जूनअखेर, रमझानच्या महिन्यात, ते पूर्ण झाले. ग्रंथाचे नाव ‘सिर्र-इ-अकबर’, म्हणजे महान रहस्य. पंडितांनी अर्थ सांगावा आणि तो फारसीत उतरावा अशी ही पद्धत होती. शांकरभाष्यातील विवरणही मूळ वचनांत मिसळून आले आहे. शब्दशः भाषांतराच्या आजच्या कसोटीला ते सर्वत्र उतरेल असे नाही. तरीही मूळ अर्थापासून ते क्वचितच दूर जाते.

या ग्रंथाच्या प्रस्तावनेत दाराने आपला सर्वांत धाडसी सिद्धांत मांडला. कुराणात एका सुरक्षित, गुप्त ग्रंथाचा निर्देश आहे, ज्याला शुद्ध झालेल्यांवाचून कोणी स्पर्श करीत नाही. परंपरागत भाष्यकार तो ग्रंथ स्वर्गीय मानतात. दाराच्या मते तो ग्रंथ म्हणजे उपनिषदे होत. उपनिषद या शब्दातच रहस्याचा अर्थ आहे, ते गुप्त ठेवले जाते आणि कुराणातील तत्त्वांचा विस्तार तेथे मिळतो, अशी त्याची कारणमीमांसा. या मांडणीचा नीट विचार केला पाहिजे. दारा कुराण बाजूला सारून उपनिषदांकडे गेला नाही. कुराणाचेच भाष्य म्हणून त्याने उपनिषदे वाचली. त्याच्या दृष्टीने तो अखेरपर्यंत मुसलमानच होता. पण आपल्या धर्मग्रंथाची किल्ली परक्याच्या घरात आहे असे म्हणणे, हे आपल्या घराच्या रखवालदारांना कधीच सहन होत नाही.

ग्रंथ पूर्ण झाल्यानंतर तीनच महिन्यांच्या आत, १६५७ च्या सप्टेंबरात, शाहजहान गंभीर आजारी पडला आणि वारसायुद्धाला तोंड फुटले. १६५८ च्या एप्रिलमध्ये धर्मतची आणि मेअखेरीस आग्र्याजवळ सामूगढची लढाई झाली. सामूगढला दाराचा पूर्ण पराभव झाला. शाहजहान आग्र्याच्या किल्ल्यात बंदिवान झाला. दारा लाहोर, मुलतान, सिंध, कच्छ आणि गुजरात असा फिरत राहिला. १६५९ च्या मार्चमध्ये अजमेरजवळ देवराईला त्याने शेवटची लढाई दिली. ज्या अजमेरच्या परिसरात तो जन्मला, तेथेच त्याचे राजकीय आयुष्य संपले. इराणच्या वाटेवर बोलन खिंडीच्या परिसरात नादिरा बानू मरण पावली. तिचा देह लाहोरला मियाँ मीर यांच्या सान्निध्यात पुरावा म्हणून त्याने उरलेले विश्वासू शिपाई त्याबरोबर पाठवून दिले आणि स्वतः जवळजवळ एकटा राहिला. ज्या मलिक जीवनचे प्राण त्याने पूर्वी वाचविले होते, त्यानेच त्याला पकडून दिले.

ऑगस्टच्या अखेरीस एका मळकट हत्तिणीवर बसवून दिल्लीच्या रस्त्यांतून त्याची धिंड काढण्यात आली. फ्रेंच प्रवासी बर्नियर त्या गर्दीत होता; लोक मोठ्याने रडत होते, पण एकानेही तलवार उपसली नाही, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्यानंतर लवकरच रात्री दाराचा वध झाला आणि हुमायूनच्या मकबऱ्यात त्याला पुरण्यात आले. औरंगजेबाच्या अधिकृत इतिहासात त्याच्यावरील ठपके नमूद आहेत. तो ब्राह्मण, योगी आणि संन्यासी यांची संगत करी, वेदांना ईश्वरी ग्रंथ मानी, नमाज आणि रोजा यांची उपेक्षा करी, आणि नागरी लिपीत प्रभू हा शब्द कोरलेली अंगठी घाली, असे त्यांचे स्वरूप आहे. म्हणजे आरोपपत्रात त्याच्या वाचनाचाच मोठा भाग होता.

येथे एका सोप्या निष्कर्षापासून स्वतःला आवरले पाहिजे. दाराचा बळी त्याच्या ग्रंथांनी घेतला असे म्हणणे मोहक आहे, पण खरे नाही. धाकटा भाऊ मुराद याने कोणतेही पाखंडी पुस्तक लिहिले नव्हते; तरी १६६१ मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्यात त्यालाही मृत्युदंड मिळाला. शुजा आराकानात नाहीसा झाला. दाराचा मुलगा सुलेमान शुकोह कैदेत मेला. वारसायुद्धात हरणाऱ्याला जिवंत ठेवण्याची रीत तेव्हा नव्हती. दाराच्या ग्रंथांनी वधाचे कारण पुरविले नाही, त्यांनी सबब पुरविली. तथापि वाचनासारख्या खाजगी गोष्टीची सबब पुढे करता येते आणि ती लोकांना पटते, ही बाब वधाइतकीच गंभीर आहे.

दाराच्या मर्यादाही सांगितल्याच पाहिजेत. त्याच्या स्वभावात अहंकार होता. दरबारातील अनुभवी सरदारांना तो तुच्छ लेखी आणि ऐन वेळी त्याला त्याचे फळ भोगावे लागले. ज्ञानाच्या बाबतीतही तो तसाच होता. ‘मज्मउल बहरैन’ आपल्या कुटुंबीयांसाठी आहे आणि दोन्ही समाजांतील सामान्य जनांशी आपल्याला कर्तव्य नाही, असे त्याने बजावले होते. त्याच शतकाच्या पूर्वार्धात आपल्याकडे श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी ‘योगसंग्राम’ मराठी ओव्यांत रचला. सूफी आणि वारकरी अशा दोन्ही धारांचे पाणी त्यांच्या ग्रंथात आहे. ते कोणत्याही राजवाड्यात तयार झाले नाही. ते श्रोत्यांसमोर सांगितले गेले आणि म्हणून लोकांच्या जिभेवर राहिले. दाराचा संगम मोजक्या विद्वानांच्या दालनात घडला आणि दालन कोसळताच त्याच्या देशात तो दीर्घकाळ विसरला गेला.

ग्रंथांचे भवितव्य मात्र त्यांच्या कर्त्यांच्या भवितव्याबरोबर संपत नाही. फ्रेंच विद्वान आंकेतील द्यूपेराँ याने सुरतेत पारशी दस्तुरांकडे अध्ययन करून अवेस्ताचे भाषांतर केले होते. १७७५ मध्ये फैजाबादच्या दरबारी असलेल्या जाँतील या फ्रेंच अधिकाऱ्याकडून त्याला ‘सिर्र-इ-अकबर’चे हस्तलिखित मिळाले. त्यावरून त्याने केलेले लॅटिन भाषांतर १८०१-०२ मध्ये स्ट्रासबुर्गहून दोन खंडांत निघाले. १८१४ मध्ये वायमारच्या ग्रंथालयातून तरुण शोपेनहौअरने ते वाचावयास घेतले आणि जन्मभर तो त्याचा नित्यपाठाचा ग्रंथ राहिला. शोपेनहौअरचा अनुयायी पाउल डॉयसन याने १८९७ मध्ये साठ उपनिषदांचे जर्मन भाषांतर थेट संस्कृतवरून प्रसिद्ध केले. उपनिषदे युरोपच्या विचारविश्वात प्रथम पोचली ती अशी: संस्कृतातून फारसीत, फारसीतून लॅटिनमध्ये. या प्रवासाच्या आरंभी यमुनेकाठचा तो वाडा आणि ते सहा महिने आहेत.

दिल्लीत काश्मिरी दरवाज्याजवळ दाराच्या ग्रंथालयाची म्हणून दाखविली जाणारी वास्तू अजून उभी आहे. कंपनीच्या राज्यात इंग्रज रेसिडेंट तेथे राहिला आणि तिच्या दर्शनी भागावर विलायती धाटणीचे खांब आले. २०२३ पासून त्या वास्तूत फाळणीच्या स्मृतींचे संग्रहालय आहे. दोन समुद्रांच्या संगमाचा ध्यास घेतलेल्या वाचकाच्या वास्तूत ताटातुटीच्या आठवणी मांडल्या जाव्यात, यावर निराळे भाष्य करण्याची आवश्यकता नाही.

दाराने काढलेले निष्कर्ष सर्वांना मान्य होण्यासारखे नाहीत. उपनिषदे म्हणजे कुराणातील गुप्त ग्रंथ, हे मुसलमान विद्वान मानणार नाहीत आणि वेदान्ती पंडितांनाही त्याची गरज वाटणार नाही. परंतु परधर्माचा ग्रंथ खोडून काढण्यासाठी वाचता येतो, कुतूहलाने वाचता येतो, तसाच आपल्या अंतरीच्या प्रश्नाचे उत्तर तेथे असू शकेल या आशेनेही वाचता येतो. हा तिसरा प्रकार सर्वांत दुर्मीळ आणि सर्वांत अवघड, कारण त्यात वाचकाला स्वतःची निष्ठा सोडता येत नाही आणि ती झाकूनही ठेवता येत नाही. साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी हिंदुस्थानच्या तख्ताच्या सर्वांत जवळ बसलेल्या माणसाने ते अवघड वाचन करून पाहिले. राज्य त्याला राखता आले नाही. ग्रंथ राहिला, आणि वाचण्याची ती रीतही त्याच्याबरोबर आपल्याला मिळाली.